जूनमधलं जैसलमेर आणि माजीसांचं आगोर

जैसलमेरचा किल्ला, पटवांच्या हवेल्या, गडीसर तलाव हे सगळं आम्ही दोन सकाळींत उरकलं, कारण साडेनऊनंतर बाहेर पाऊल टाकवत नव्हतं. जूनचा तिसरा आठवडा होता. तो पिवळा दगड संध्याकाळी सुंदर दिसतो हे खरंय, पण दिवसभर तो ऊन पिऊन बसतो आणि रात्री दहाला रूमच्या भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. त्यावर भरपूर लोकांनी लिहिलंय, मी नाही लिहीत. ही पोस्ट मी लिहितेय ती एका अंगणापायी.

त्याआधी जे डोक्यात गेलं ते सांगते. तिसऱ्या दिवशी सम गावच्या वाळूच्या टेकड्यांजवळ एका कॅम्पवर राहिलो. चार वाजता तिथे टँकर आला आणि एक मुलगा पाइप धरून स्टेजभोवतीची वाळू भिजवायला लागला. का, तर रात्री नाच बघताना पाहुण्यांच्या अंगावर धूळ उडू नये. जिथे वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरच्या आत तिथे हे!! मी मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, मॅडम, गेस्ट लोक कंप्लेंट करतात. म्हणजे आपणच. रात्री मला तो नाच बघवला नाही, उठून आले.

दुसऱ्या दिवशी आमचे ड्रायव्हरदादा म्हणाले, इतक्या उन्हात कुठे फिरता, माझ्या घरी चला जेवायला. खुरी गावाच्या बाजूला त्यांची ढाणी, म्हणजे चारपाच घरांची वस्ती. खेजडीचं एक झाड, दोन गोल झोपड्या, शेळ्या. बाहेर लू अशी की डोळ्यांतलं पाणी सुकतं, आणि झोपडीत पाऊल टाकलं की मातीच्या जाड भिंती नि गवताचं छप्पर, पंखा नसताना जीव शांत झाला. हॉटेलच्या एसीत मला एकदाही इतकं बरं वाटलं नव्हतं. बाजरीची भाकरी, केर-सांगरीची भाजी आणि ताक. दादांची आजी, तिला सगळे माजीसा म्हणतात, तिने पाण्याचा लोटा दिला. मी अर्धा प्यायले आणि सवयीने उरलेलं पाणी हातावर ओतलं, हात धुतल्यासारखं. माजीसा काही बोलल्या नाहीत. पण शेळीचं एक करडू धावत आलं आणि ती ओली वाळू चाटायला लागलं, पार कोरडी होईपर्यंत चाटत राहिलं. कालची टँकरवाली मीच होते असं वाटलं मला. अजूनही घरी पेल्यात पाणी उरलं की ते करडू आठवतं.

पाच वाजता माजीसा काड्यांचा झाडू घेऊन निघाल्या, मीही मागोमाग. घराच्या मागे त्यांचा टांका. आपल्या गडांवर असतं ना पाण्याचं टाकं, शब्द तोच, फक्त इथे ते जमिनीत गोल खोदून वरून झाकलेलं आणि भोवती उतरती, चोपून टणक केलेली मोकळी जमीन. त्या जमिनीला आगोर म्हणतात. पाऊस पडला की आगोरवरचं पाणी वाहत येऊन बारक्या भोकांतून टांक्यात उतरतं, भोकांना साप-उंदीर जाऊ नयेत म्हणून जाळी. तेच पाणी मग पुढे कित्येक महिने प्यायचं. म्हणून पावसाआधी आगोर झाडायचं, एकेक लेंडी, काटा, पान वेचायचं. मी पाय टाकणार तोच माजीसा ओरडल्या, चपला! चपला काढून उभी राहिले तर पाय भाजले, त्या मात्र अनवाणी शांतपणे झाडत होत्या, उंबरठा झाडावा तसं.

विचारलं, पाऊस कधी? म्हणाल्या, अजून वेळ आहे, पण नौतपा चांगला तापलाय, येईल. नौतपा म्हणजे सूर्य रोहिणीत गेल्यावरचे नऊ दिवस, मेच्या शेवटी. ते कडक तापले की पाऊस चांगला असं इकडे मानतात. शाळेत भूगोलात आपणही शिकलोय की थरचं वाळवंट तापतं, हवा वर जाते, दाब कमी होतो आणि समुद्रावरचे वारे देशात खेचले जातात. मृगात आपल्याकडे ढग येतात त्यात या वाळवंटाच्या तापण्याचा वाटा आहे, पण खुद्द इथे पाऊस पोचतो तो जवळपास सगळ्यात शेवटी, जुलैत, आणि परतीला पहिला निघतो तोही इथूनच, सप्टेंबरात. हे मला अन्यायाचं वाटतं. १९ मे २०१६ ला शेजारच्या फलोदीत ५१ अंश झालं होतं, तेव्हाच्या आठवणी माजीसा सांगत होत्या, की मोर सावलीत पडून मेले.

आणि अचानक वारा थांबला. शेळ्या गप्प. पश्चिमेला आभाळाच्या खालच्या कडेला तांबूस भिंत उभी राहिली आणि दादा ओरडले, काळी पीळी! आंधी आली. आम्ही धावत झोपडीत, दार लावलं तरी दातांखाली वाळू, बाहेर भर संध्याकाळी काळोख, वीसेक मिनिटं नुसता आवाज. मग गार झुळूक आणि तो वास. मातीचा. आम्ही सगळे बाहेर पळालो. टपोरे थेंब पडत होते, वाळूत प्रत्येकाचा छोटा खड्डा होत होता, मोजता आले असते इतके. माजीसा टांक्याच्या तोंडाशी वर बघत उभ्या होत्या.

तेवढंच. ढग पुढे गेला.

आगोरवर बोटभर वाळू साचली होती. माजीसांनी झाडू उचलला आणि परत वरच्या कडेपासून सुरुवात केली. मी दुसरा झाडू मागून घेतला, अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी झाडत होतो. दुसऱ्या दिवशीच्या ट्रेनने परत आले.

जुलैच्या मध्यावर दादांचा व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ आला. चित्र हलतंय, नीट दिसत नाही काही, पण जाळीतून पाणी आत पडल्याचा आवाज येतोय आणि मागे माजीसा कुणावर तरी ओरडतायत, चपला! चपला!