टँकमधलं शेवाळ आणि स्वयंपाकघरातला आरओ

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये दगडाचा एक कोपरा उघडा राहिला नव्हता. सगळीकडे हिरवं केसाळ शेवाळ, बोटभर लांब, पंपाच्या झोतात एका बाजूला हलणारं. पाहुणे म्हणायचे किती छान नॅचरल दिसतंय, पण जवळ जाऊन बघितलं की कळायचं त्या केसांत खाण्याचे तुकडे अडकलेत, माशांची घाण अडकलीय, पंपाची जाळी दर चार दिवसांनी चोंदतेय, आणि क्लाउन माशांची जोडी रात्री ज्या खोबणीत झोपायची तीसुद्धा बुजून गेलीय. फार वाईट वाटायचं मला ते बघून.

टँक तीन फुटी आहे, साधारण १८० लिटरचा, डोंबिवलीतल्या आमच्या हॉलमध्ये. फक्त मासे आहेत. प्रवाळ ठेवत नाही, कारण आपल्याकडे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे जो दर्जा वाघाला तोच त्यांना, आणि ते मला मनापासून पटतं. त्यामुळे दगडही कृत्रिम, सिमेंट आणि शिंपल्यांचा चुरा घालून केलेले.

सुरुवातीला मी तेच केलं जे सगळे करतात. एका दुकानातून शेवाळ मारायची बाटली आणली, सांगितलं तेवढं औषध टाकलं, आठवड्यात शेवाळ पांढरं पडून मेलं आणि मला वाटलं सुटले. महिन्याभरात दुप्पट उगवलं. आता कळतं का ते, मेलेलं शेवाळ मी बाहेर काढलंच नव्हतं, ते तिथेच कुजलं आणि त्याने जेवढं नायट्रेट-फॉस्फेट पोटात साठवलं होतं ते सगळं परत पाण्यात आलं, म्हणजे पुढच्या पिकाला खतच की ते.

दुसरी गोष्ट जिने मला खूप दिवस फसवलं ती म्हणजे टेस्ट किट. नायट्रेट जवळजवळ शून्य, फॉस्फेट ०.०३. आकडे इतके सुंदर की मी म्हणायचे पाणी तर चांगलंय, मग हे येतंय कुठून? पण किट फक्त पाण्यात शिल्लक राहिलेलं मोजतं. जे आलं ते शेवाळाने लगेच खाल्लं तर किटला काय दिसणार. ज्यांच्याकडे दगड हिरवेगार आणि रिपोर्ट स्वच्छ आहे त्यांनी कृपया रिपोर्टवर विश्वास ठेवू नका, दगडावर ठेवा.

मग एका रविवारी साधा टीडीएस मीटर आणला, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा. सोसायटीचं पाणी, त्यात उन्हाळ्यात टँकरचं मिसळलेलं, ४१० आलं. आणि ज्या पाण्यावर मी दीड वर्ष निर्धास्त होते ते स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी, ६२. मी तर गारच पडले. पिण्याच्या आरओत चव यावी म्हणून खनिजांची कार्ट्रिज असते, बऱ्याच मशीनमध्ये थोडं कच्चं पाणी परत मिसळायची सोयही असते. पिण्यासाठी ते ठीकच आहे, पण खाऱ्या पाण्याच्या टँकला पाहिजे शून्य.

आता कोणी म्हणेल ६२ म्हणजे किती ते. हिशोब करून बघा. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकचं पाणी ३१ अंशांवर जातं, चिलर परवडत नाही, म्हणून वर दोन छोटे पंखे लावलेले. त्याने पाणी गार होतं पण रोज तीन लिटर उडून जातं. उडतं ते फक्त पाणी, बाकी सगळं टँकमध्येच राहतं, आणि त्या जागी मी रोज तीन लिटर आरओचं पाणी घालते. साठ दिवसांत १८० लिटर! म्हणजे दोन महिन्यांत अख्खा टँकभर पाणी वरून ओतलं गेलं आणि त्यातलं जे काय होतं, सिलिकेट, फॉस्फेट, नायट्रेट, ते साचतच गेलं. मीठ इतकं पारखून घेतलं, आणि घाण येत होती टॉपअपच्या तांब्यातून.

(एक जण म्हणाला समुद्र एवढा जवळ आहे, तिथूनच कॅन भरून आण. मुंबईच्या किनाऱ्याच्या पाण्यात सांडपाणी किती जातं ते माहीत असताना मी तरी नाही आणणार.)

दुसरं कारण घरातच होतं, आणि ते अप्पांमुळे कळलं. अप्पा म्हणजे माझे सासरे, गुहागरचे, एप्रिलपासून आमच्याकडे होते. मी ऑफिसला गेले की ते दिवसभर टँकसमोर खुर्ची टाकून बसायचे. एकदा मी लवकर घरी आले तर बघते, फ्रोजन मायसिसचा, म्हणजे माशांना घालायच्या बारीक कोळंबीसारख्या जिवांचा, अख्खा क्यूब वाटीत विरघळवून ते पाण्यासकट टँकमध्ये ओततायत. मी विचारलं, "अप्पा, सकाळी मी घातलं होतं ना?" तर म्हणाले, "अगो, मी जवळ आलो की काचेशी येऊन तोंड उघडतात गो, उपाशी असल्यासारखे." दिवसातून तीनदा घालत होते, प्रेमाने. ते वाटीतलं गढूळ पाणी आधी गाळून टाकायचं असतं हे मीच त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

पण त्याच संध्याकाळी त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्या व्हिडिओत मिळालं नव्हतं. म्हणाले, "आमच्याकडे समुद्रातल्या खडकावर पण शेवाळ येतंच की, पण ते खाणारे केवढे असतात तिथे, गोगलगायी काय, खेकडे काय, मासे काय. तुझ्या या दगडावर चरायला आहे कोण?" खरंच कोणी नव्हतं. दोन क्लाउन, एक डॅमसेल मासा, तिघंही शेवाळाकडे ढुंकून बघत नाहीत.

तर जूनपासून कामाला लागले. टॉपअपसाठी वेगळा आरओ घेतला, शेवटी डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार धरून ठेवणारे दाणे) असलेला, मीटरवर शून्य आल्याशिवाय थेंब टाकत नाही. खाणं दिवसातून एकदा, गाळणीत धुऊन. लाइट दहा तासांवरून सात तासांवर. आणि दर शनिवारी सकाळी साफसफाई, अप्पा नि मी दोघं. मी एका हातात जुना टूथब्रश आणि दुसऱ्या हातात बारीक नळी धरून दगड घासायचे, सुटलेलं शेवाळ तिथल्या तिथे नळीने ओढून घ्यायचं, नाहीतर एकेक तुकडा दुसऱ्या दगडावर जाऊन रुजतो. अप्पा खाली बादलीवर कापड धरून बसायचे. पहिल्या शनिवारी पिळून काढलेला गोळा नारळाएवढा झाला. चरायला आठ टर्बो गोगलगायी आणि एक लॉनमोअर ब्लेनी, म्हणजे शेवाळ खाणारा मासा, आणला. गोगलगायी पिशवीतून थेट टँकमध्ये सोडू नका, खारटपणातला फरक त्यांना सोसत नाही, दोन तास टँकचं पाणी थेंबथेंब देऊन सवय लावा. आणि उलटी पडलेली दिसली तर हाताने सरळ करा, बऱ्याच जणींना स्वतःहून वळता येत नाही.

दीड महिना काहीच फरक दिसत नव्हता. धीर सुटायची वेळ हीच. हे सिमेंट-शिंपल्यांचे दगड फॉस्फेट धरून बसतात आणि पाणी साफ झालं की हळूहळू सोडत राहतात, त्यामुळे जुनं खत संपेपर्यंत शेवाळ येतच राहतं. मला ते तेव्हा कळत होतं पण वळलं नाही, मी घाई केली, फॉस्फेट शोषणारी लोहाची दाणेदार पावडर येते ती दुप्पट घातली. ऑगस्टमध्ये फॉस्फेट खरोखरचं शून्य, हिरवं शेवाळ गेलं, आणि तीन आठवड्यांत वाळूवर तपकिरी, शेंबडासारखे धागे, त्यात अडकलेले हवेचे बुडबुडे. रात्री गायब, दुपारी परत. मग गोगलगायी मरायला लागल्या, चार दिवसांत पाच. लेकाच्या मायक्रोस्कोपखाली थेंब ठेवला तर थेंबाच्या आकाराच्या पेशी, एका टोकाने खुंट्याला बांधल्यासारख्या जागच्या जागी गरगर फिरतायत. डायनोफ्लॅजेलेट्स म्हणजे एकपेशीय सूक्ष्म जीव, त्यातली ही ऑस्ट्रिओप्सिस जात. पाण्यात खायला काही उरलं नाही की बाकीचे मागे पडतात आणि यांचं फावतं, शिवाय विषारी. त्या पाच गोगलगायी माझ्या घाईने गेल्या, हे मला अजून टोचतं.

पावडर काढून टाकली. पाणी बदलणं थांबवलं, खाणं थोडं वाढवलं, यूव्ही (पाण्यातले जीव मारणारा अतिनील दिवा) लावला कारण हे रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगायला येतात तेव्हा त्यात सापडतात. महिनाभर लागला. आता मी नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ च्या मध्ये ठेवते, शून्याच्या मागे लागत नाही. मागच्या काचेवर हिरवा थर असतो तो मुद्दाम तसाच सोडलाय.

अप्पा दिवाळीनंतर गावी गेले. रविवारी फोन आला की माझी चौकशी नंतर, आधी ब्लेनीची. परवा विचारलं, "पोट भरतंय ना गो त्याचं?" नव्हतं भरत, पुढच्या दगडांवर आता शेवाळच एवढं कमी आहे की पोट आत गेलेलं दिसायला लागलं होतं. म्हणून एक दिवसाआड क्लिपला नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या कागदासारख्या पापडीचा, तुकडा लावते, काडेपेटीएवढा, आणि तो दोन मिनिटांत येऊन त्याला लटकतो.