पियानोची नोंद

इंग्लंडच्या पश्चिम भागातल्या एका काउंटीच्या दफ्तरखान्यात मी काम करते. जुन्या वकिलांच्या कचेऱ्या बंद होतात तेव्हा त्यांच्या माळ्यावरचे पेटारे आमच्याकडे येतात. ते उघडायचे, कागद झाडून सरळ करायचे, वाचायचे आणि यादीत चढवायचे, हे माझं काम. हातमोजे आम्ही वापरत नाही. हात स्वच्छ धुवायचे, पेन लांब ठेवून पेन्सिल घ्यायची, आणि चामड्याच्या दस्तांवर शिशाची वजनं ठेवायची, नाहीतर दोनशे वर्षांची घडी पुन्हा मिटते. दुपारपर्यंत बोटं कोळशाच्या काजळीने काळी होतात.

त्या दिवशीच्या पेटाऱ्यात लाल फितीने बांधलेले अकरा गठ्ठे निघाले. ‘लाल फीत’ हा आपल्याकडचा शब्द ज्या फितीवरून आला ती खरीखुरी फीत, विटून गुलाबी झालेली. अकराही गठ्ठे एकाच माणसाच्या मालमत्तेचे. तो 1816 च्या फेब्रुवारीत वारला. मागे बायको, तीन मुलगे आणि तीन मुली. खानदानी जमीनदार, वर्षाला चौदाशे पौंड खंड देणारी कुळं. खूप श्रीमंत नाही, पण घोडागाडी ठेवणारं घर.

आधी मृत्युपत्र शोधलं. वाटणी म्हटलं की आपण मृत्युपत्राकडेच धावतो. ते 1812 सालचं, कँटरबरीच्या आर्चबिशपच्या कोर्टाची मोहर असलेलं. पण त्यात जमिनीबद्दल जवळपास काहीच नव्हतं. बायकोला पाचशे पौंड रोख, गाडी आणि दोन घोडे. नोकरांना वर्षाचा पगार आणि सुतकाचे कपडे. बायकोलाच आणखी एक देणगी होती: तिचे कपडे आणि अंगठ्या. ती ओळ मी दोनदा वाचली. त्या काळच्या कायद्यात लग्न झालेल्या बाईची जंगम चीजवस्तू नवऱ्याची होत असे, म्हणून तिच्या अंगावरचं लुगडंसुद्धा तिला मृत्युपत्राने परत द्यायची पद्धत होती. आपल्याकडे स्त्रीधन निदान शब्दाला तरी तिचं असतं.

जमिनीचा निकाल कितीतरी आधी लागून गेला होता. चौथ्या गठ्ठ्यात 1786 चा विवाहाचा करार मिळाला, टेबलाएवढी मोठी तीन चामडी. हा गृहस्थ नवरदेव असतानाच, एकही मूल जन्माला आलेलं नसताना, वाटणी ठरली होती. जमीन त्याच्याकडे फक्त हयातीपुरती. पुढे ती थोरल्या मुलाकडे अखंड जाणार. विधवेला वर्षाला साडेतीनशे पौंडांचं वर्षासन. बाकीच्या मुलांना, कितीही होवोत, सगळ्यांत मिळून आठ हजार पौंड, एकवीस वर्षं पूर्ण झाली किंवा मुलीचं लग्न झालं की देय. थोरल्याने हे पैसे दिले नाहीत तर काय? त्यासाठी काही शेतं पाचशे वर्षांच्या मुदतीने विश्वस्तांच्या नावे लिहून ठेवली होती, म्हणजे वेळ आली तर ती गहाण टाकून पैसे उभे करता यावेत. असा ‘स्ट्रिक्ट सेटलमेंट’चा दस्त जमीनदारांच्या घराघरात असे. 1809 मध्ये थोरला एकवीस वर्षांचा झाला तेव्हा बापाने त्याच्याकडून पुन्हा सही घेतली आणि त्याला दोनशे पौंडांचा वार्षिक खर्च बांधून दिला. आता थोरलाही हयातीपुरताच मालक, आणि जमीन त्याच्या अजून न झालेल्या मुलाची. पिढी दर पिढी हीच सही. एकाही पिढीला जमीन पूर्णपणे स्वतःची म्हणता येत नाही, त्यामुळे ती विकलीही जात नाही आणि तिचे तुकडेही होत नाहीत.

मी रत्नागिरीजवळच्या गावची. आमच्या आजोबांचं वाटणीपत्र मी पाहिलेलं आहे. चार भाऊ, चार वाटे. हापूसची कलमं मोजून वाटलेली, पडवीत मधोमध भिंत, विहीर सामाईक, पाणी पाळीने. एका फणसाच्या फांद्यांवरून वीस वर्षं अबोला होता. आमच्याकडे माणसं गावातच राहिली आणि जमिनीचे तुकडे झाले. इथे जमीन एकत्र राहिली आणि माणसं विखुरली. दुसरा मुलगा पाद्री झाला. तिसऱ्याचं काय झालं ते सातव्या गठ्ठ्यात कळलं.

ते एक मुखत्यारपत्र होतं, दोन अधिकाऱ्यांच्या साक्षीचं. माझा हिस्सा माझ्या वतीने भावाने घ्यावा, एवढाच मजकूर. वर ठिकाण आणि महिना: पूना, एप्रिल 1818. मुलगा मुंबईच्या सैन्यात कंपनीच्या चाकरीत होता. नोव्हेंबर 1817 मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं, त्यानंतर पाच महिन्यांनी त्या शहरातल्या कुठल्यातरी तंबूत बसून त्याने बापाच्या वाटणीसाठी सही केली होती. समुद्रमार्गे कागद इथे पोचायला अनेक महिने गेले. पाकिटामागे वकिलाने पोचल्याची तारीख टाकली आहे, नोव्हेंबरची. मी उठून खिडकीपाशी गेले. पेशवाईच्या शेवटाबद्दल शाळेत जे शिकले होते त्याच्या पलीकडच्या टोकाला ही खोली, हा पेटारा, आणि कुणाच्या तरी सोळाशे पौंडांची वाट पाहणं होतं.

हो, सोळाशे. आठ हजार भागिले पाच. मुलगे-मुली समान, हे मला अनपेक्षित होतं. जेवणाच्या सुट्टीत आईला फोन केला तेव्हा तिने पहिलं हेच विचारलं.

“मुलींना काय मिळालं गं?”

“सोळाशे पौंड. भावांएवढेच.”

“हातात मिळाले का?”

आईने नेमकं विचारलं होतं. 2019 मध्ये मी स्वतः दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन भावांच्या नावे हक्कसोडपत्र केलं आहे. कुणी जबरदस्ती केली नव्हती. 2005 च्या दुरुस्तीने कायद्यात मी बरोबरीची वाटेकरी झाले होते, तरी खुर्चीवर बसल्यावर सही कुठे करायची एवढंच विचारायचं उरलं होतं. तेव्हा अंगठ्याला लागलेली शाई मला अजून आठवते.

दुपारी आठवा गठ्ठा उघडला आणि आईच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. हातात मिळाले नव्हते. करार लिहिला तेव्हा धान्याचे भाव चढत जाणार होते, युद्धकाळात तर फारच. 1812 मध्ये गव्हाच्या एका क्वार्टरला, म्हणजे आठ बुशेलांना, सरासरी 126 शिलिंग 6 पेन्स मिळत. 1822 मध्ये भाव 44 शिलिंग 7 पेन्सवर आला. कुळं खंडात सूट मागू लागली, काही शेतं सोडून गेली. थोरल्याच्या वहीत खंडाचा आकडा चौदाशेवरून साडेदहाशेपर्यंत घसरलेला दिसतो. त्यातून आईचं वर्षासन साडेतीनशे आणि भावंडांच्या रकमेवर चार टक्क्यांनी व्याज तीनशे वीस. कागदावर त्याला सगळं मिळालं होतं, आणि वर्षाअखेर त्याच्याकडे उरत होते तीनशेऐंशी. मी त्याला लबाड ठरवून बसले होते. तो लबाड नव्हता.

मधली मुलगी अविवाहित होती. बाप गेला तेव्हा चोवीस वर्षांची. तिच्या व्याजाच्या पावत्या एका दोऱ्यात ओवलेल्या आहेत, दर सहा महिन्यांनी बत्तीस पौंड, खाली तीच बारीक तिरकी सही. 1822 मध्ये एक पावती नाही. पुढची चौसष्टची आहे. विश्वस्तांना पाचशे वर्षांच्या मुदतीचा हक्क वापरून शेतं गहाण टाकता आली असती. ते का थांबले, याचं उत्तर तिच्याच पत्रात आहे. तिने त्यांना कळवलं होतं की तिच्यापायी भावाला अडचणीत आणू नये, ती थांबायला तयार आहे. मुद्दल तिला 1824 मध्ये मिळालं. आठ वर्षांनी.

शेवटी बापाच्या जंगम मालमत्तेचा हिशेब. मृत्युपत्रातला उरलेला भाग पाच धाकट्यांत समान होता. कर्ज वगैरे फेडून निघाले 2,150 पौंड, माणशी 430. 1815 च्या कायद्याने वारसांच्या देणग्यांवरचा कर वाढवला होता. विधवेला माफी, मुलांना एक टक्का, भावाबहिणींना तीन, अगदी परक्याला दहा. म्हणून प्रत्येकाचे 4 पौंड 6 शिलिंग कापलेले. तिसऱ्या मुलाच्या परदेशप्रवासाचा आणि गणवेशाचा खर्च बापाने वहीत मांडून ठेवला होता, तोही त्याच्या हिश्शातून वजा. हे सगळं मी भराभर टिपून घेत होते. आणि मधल्या मुलीच्या रकान्यात एक जास्तीची वजाबाकी दिसली. 16 पौंड. समोर लिहिलं होतं: लिलाव, क्रमांक 112.

लिलावाची यादी त्याच गठ्ठ्याच्या तळाशी होती. मे 1816. घरातली चीजवस्तू विकून हिस्से करायचे होते, म्हणून तीन दिवस अंगणात लिलाव चालला. चांदीची भांडी आणि काही चित्रं घराबरोबर थोरल्याकडे गेलेली, ती यादीत नव्हती. बाकी सारं होतं: पलंग, पडदे, बिअरची पिंपं, दोन गायी. क्रमांक 112, दिवाणखान्यातला चौकोनी पियानो, स्टुलासह. लिलाव करणाऱ्याने प्रत्येक ओळीपुढे घेणाऱ्याचं नाव घाईने लिहिलं होतं. शेजारच्या गावचे शेतकरी, एक सराईवाला, एक डॉक्टर. 112 पुढे तिचं नाव होतं.

ज्या पियानोवर ती लहानपणापासून वाजवत आली असेल तो बापाचा होता, म्हणून तो विकायचा होता. तो तिने अंगणात, गावासमोर, बोली लावून विकत घेतला, आणि सोळा पौंड तिच्याच वाट्यातून कापून घेतले. आधी तिच्याविरुद्ध कुणीतरी बोली चढवली होती, कारण खोडलेला एक आकडा 14 आहे.

चार वाजता पेटारा बंद करायची वेळ झाली. आमच्या नियमाप्रमाणे अशा गठ्ठ्याला एकच ओळ पुरते: ‘कारभाऱ्यांचे हिशेब व लिलावाची यादी, 1816 ते 1824’. माझ्या वरिष्ठ बाईंनी ती वाचून मान हलवली. मी त्यांना म्हटलं, मला आणखी एक ओळ हवी आहे. त्यांनी यादी हातात घेतली, क्रमांक 112 बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, “लिहा.”

मी लिहिलं: ‘यात मृताच्या मधल्या मुलीने चौकोनी पियानो 16 पौंडांना विकत घेतल्याची नोंद आहे, रक्कम तिच्या हिश्शातून वजा. शिल्लक 409 पौंड 14 शिलिंग.’ आणि खाली तिचं पूर्ण नाव, म्हणजे ते शोधणाऱ्याला सापडेल.