पूर, तेंदूपत्ता आणि मतदान: गडचिरोली जिल्हा कसा वाचायचा

निवडणूक आली की बाहेरचे पत्रकार गडचिरोलीत उतरतात, इंदिरा गांधी चौकात चहाच्या टपरीवर चार जणांशी बोलतात आणि ‘जिल्ह्याचा कौल’ लिहून संध्याकाळी परततात. त्या चौकातून जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे सिरोंच्यापेक्षा नागपूर जवळ. चौकातला माणूस सिरोंच्याबद्दल जे सांगतो ते बहुतेक त्यानेही पेपरातच वाचलेलं असतं.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला हा जिल्हा. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, तालुके बारा, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १०,७२,९४२. चौरस किलोमीटरला ७४ माणसं, तेव्हा राज्याची सरासरी होती ३६५. राज्यात सर्वांत विरळ वस्ती इथली. तीन चतुर्थांश जमीन जंगलाखाली. रेल्वे स्टेशन म्हणाल तर इतकी वर्षं एकच, वडसा. तेही अगदी उत्तरेच्या टोकाला.

पण हे आकडे सगळ्या जिल्ह्याची सरासरी सांगतात आणि इथे सरासरीसारखं गाव सापडत नाही. उत्तरेला वडसा, आरमोरी, कुरखेडा, गडचिरोली, चामोर्शी हा धानाचा पट्टा. बांध्या, बोड्या म्हणजे छोटी तळी, मामा (माजी मालगुजारी) तलाव, रोवणीच्या म्हणजे धान लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखल आणि दिवाळीनंतर रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटकं. दक्षिणेला अहेरी, एटापल्ली, भामरागड, मुलचेरा, सिरोंचा. तिथे टोले म्हणजे छोट्या वस्त्या लांब लांब, बोली गोंडी-माडिया, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्यात आणि चामोर्शीच्या काही भागांत बंगाली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना १९६० च्या दशकात इथे वसवलं, त्यांच्या वसाहती अजून क्रमांकांसह ओळखल्या जातात. यातल्या नमःशूद्रांना बंगालमध्ये अनुसूचित जातीचा दाखला मिळतो, महाराष्ट्रात मिळत नाही. ही मागणी प्रत्येक निवडणुकीत निघते आणि निकालाच्या दिवशी परत फायलीत जाते.

आता पाणी. जिल्ह्याच्या सीमा नद्यांनीच आखल्या आहेत: पश्चिमेला वैनगंगा, चपराळ्याजवळ ती वर्धेला मिळाली की पुढे प्राणहिता, सिरोंच्याला गोदावरी, आग्नेयेला इंद्रावती. आतल्या नद्या लहान, आणि खरा घोळ त्यांचाच. भामरागडचं उदाहरण घ्या. गावाला लागून पर्लकोटा, शेजारी पामुलगौतम, आणि दोन्हींचं पाणी इंद्रावतीत. इंद्रावतीचं पाणलोट क्षेत्र पलीकडे छत्तीसगडात. तिकडे दोन दिवस झोडपलं की इंद्रावती फुगते, पर्लकोटेचं पाणी तिच्यात शिरू शकत नाही आणि उलटं मागे सरकतं. भामरागडात लख्ख ऊन असतं, आणि जुन्या बुटक्या पुलावर पाणी चढत असतं. हा ‘दाब’ एकदा बसला की आलापल्लीचा साठ-पासष्ट किलोमीटरचा रस्ता गेला, आणि पलीकडच्या शंभरावर गावांचा संपर्क गेला.

उत्तरेतही तेच घडतं, फक्त कळ वेगळी. वर गोसीखुर्द धरणाला ३३ दरवाजे. ते उघडले की वैनगंगा चढते आणि कठाणी, पाल, पोटफोडी या नद्यांचं पाणी तुंबतं. मग आरमोरी रस्ता बंद, चामोर्शी रस्ता बंद. म्हणून पावसाळ्यात इकडे येणाऱ्याने गडचिरोलीचं हवामान बघण्यात अर्थ नाही. गोसीखुर्दचा विसर्ग किती आहे आणि बस्तरमध्ये पाऊस किती झाला, हे दोन प्रश्न विचारावेत. पाणी पुलावर असेल तर थांबावं. पुलाला कठडे नसतात आणि वरून पाणी घोट्याइतकं दिसलं तरी मधला डांबराचा थर वाहून गेलेला असू शकतो.

प्रशासनाला हे ठाऊक आहे, म्हणून इथलं कॅलेंडर जूनच्या आधी संपतं. दुर्गम गावांच्या रेशन दुकानांत पावसाळ्याचं धान्य आधीच पोचवायचं, दिवस भरत आलेल्या बाईला आठ दिवस अगोदर प्राथमिक आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात आणून ठेवायचं. चुकतं कुठे? धान्याचा ट्रक पक्क्या रस्त्यापर्यंत येतो, पुढचे दहा किलोमीटर ट्रॅक्टरचे असतात, आणि ट्रॅक्टरचं भाडं कोणत्या खात्यातून द्यायचं यावर मे संपतो. माहेरघरात बाई एकटी येत नाही. घरी धाकटी दोन पोरं, रोवणी तोंडावर. बरोबरच्या माणसाची आणि पोरांची जेवणाची सोय नसेल तर ती तिसऱ्या दिवशी परत जाते.

पैशाचं बघू. उत्तरेत रोकड धान खरेदीतून; दक्षिणेत आणि पूर्वेत ती येते तेंदूपत्त्यातून, म्हणजे विडीच्या पानातून. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपांची खुटकटाई (छाटणी) करायची, म्हणजे एप्रिलअखेर कोवळा, एकसारखा पत्ता फुटतो. ती टाळली की पान जाड आणि किडकं येतं, ठेकेदार भाव पाडतो. तोडणी जेमतेम पंधरा दिवस. पहाटे जंगलात, दुपारी घरी बसून सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पत्ता गोळा करण्याच्या जागी, मोजून द्यायचा. हजार पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी, सत्तर हजार पानं. घरातल्या सगळ्यांनी मिळून दिवसाला दोनशे पुडे केले तर पाच दिवसांत एक गोणी. फळीवर पुडे ओळीने मांडून वाळवतात, मधे एकदा उलटतात, भरताना वरून पाणी शिंपडतात, नाहीतर पान तडकतं. मे महिन्यातला एक अवकाळी पाऊस वाळत घातलेली अख्खी फळी काळी करून टाकतो.

पूर्वी हा सगळा व्यवहार वनखात्याचा होता. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये १,८०० हेक्टरच्या वर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक मात्र ग्रामसभेच्या हातात पडायला २०११ उजाडलं, तेही केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा. हक्क कागदावर मिळणं आणि गाडी नाक्यावरून सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हापासून इथल्या प्रत्येक ग्रामसभेला पाठ आहे.

आता अनेक ग्रामसभा पत्त्याची निविदा स्वतः काढतात. त्यात फसगत बहुधा एकाच जागी होते: गोण्या गोदामात गेल्या आणि शेवटचा हप्ता बाकी राहिला. म्हणून करारात हप्ते आणि वाहतूक पास एकमेकांना बांधलेले हवेत. जितक्या गोण्यांचे पैसे खात्यात जमा, तितक्याच गोण्यांचा पास. खातं ग्रामसभेचं, सह्या दोघांच्या, त्यातली एक बाईची असलेली बरी. सामूहिक वनहक्काचा दावा दाखल करताना निस्तार पत्रक (गावाच्या जंगल वापराची जुनी नोंद), शेजारच्या गावांचं सीमेबद्दल संमतिपत्र आणि निम्म्या गावाची हजेरी लागते, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. उपविभाग पातळीवर दावे अडकतात ते बहुतेक या हजेरीवर आणि सीमेच्या वादावर.

हे सगळं समजलं की राजकारण सोपं होतं. म्हणजे, थोडं सोपं. आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी या तिन्ही विधानसभा जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव. जिल्ह्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण मात्र २०११ नुसार ३८.७ टक्के. अनुसूचित जाती ११ टक्क्यांच्या आसपास, उरलेल्यांत मोठा वाटा ओबीसींचा. उत्तरेच्या दोन जागांवर उमेदवार आदिवासी असतो आणि निकाल ठरवणारी गठ्ठा मतं धानपट्ट्यातल्या ओबीसींची असतात. त्यामुळे तिथली भाषणं धानाच्या बोनसवर आणि नोकऱ्यांवर होतात. जिल्हास्तरीय भरतीत ओबीसींचं आरक्षण सहा टक्क्यांवर आलं होतं, ही जखम उत्तरेत कित्येक वर्षं प्रत्येक पक्षाला बोलून दाखवावी लागली. एटापल्लीत हा विषय काढला तर लोक ऐकून घेतात, आणि मग रस्ता, टॉवर आणि सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांबद्दल विचारतात.

अहेरी हे स्वतंत्र प्रकरण. बारापैकी पाच तालुके एका आमदाराकडे, वर जुनी जमीनदारी आणि आत्राम घराणं. २०२४ च्या विधानसभेत धर्मरावबाबा आत्राम, त्यांची कन्या भाग्यश्री आणि पुतणे अम्ब्रीशराव असे तिघे समोरासमोर होते, निवडून धर्मरावबाबा आले. पक्ष कोणता हा प्रश्न तिथे दुसरा येतो. अहेरी जिल्ह्याची मागणीही जुनीच. अपर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय मिळालं, जिल्हा अजून नाही.

लोकसभेचा गडचिरोली-चिमूर मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेतला. यात गोंदियातला आमगाव, चंद्रपुरातले ब्रह्मपुरी आणि चिमूर जोडलेले. उत्तरेच्या सालेकशापासून सिरोंच्यापर्यंत सुमारे चारशे किलोमीटर, उमेदवाराने प्रचार करायचा कधी? २०१४ आणि २०१९ ला भाजपचे अशोक नेते, २०२४ ला काँग्रेसचे नामदेव किरसान १ लाख ४१ हजारांच्या वर मताधिक्याने. त्या वर्षी मतदान ७२ टक्क्यांच्या जवळ, राज्यात सर्वाधिक. आणि हे तेव्हा, जेव्हा सहापैकी चार विधानसभा क्षेत्रांत मतदान सकाळी सातला सुरू होऊन दुपारी तीनलाच बंद होतं. उजेडात पथकं परत कॅम्पवर पोचावीत म्हणून. कर्मचारी आणि यंत्रं काही ठिकाणी हेलिकॉप्टरने, तिथून पुढे पायी. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला, त्यानंतर ही वेळ बदलेल का, याची इथे चर्चा आहे.

निकाल वाचायचा असेल तर निवडणूक आयोगाचा ‘फॉर्म २०’ काढा. त्यात प्रत्येक मतदान केंद्राचे आकडे असतात. केंद्रं तालुक्यानुसार लावा, मग नदीच्या अलीकडची आणि पलीकडची वेगळी करा. जातीचं गणित नंतर. एकच काळजी घ्या: केंद्राचं नाव आणि गाव एकच समजू नका. इथे ‘गाव’ तीन प्रकारचं असतं: महसुली गाव, ग्रामपंचायत, आणि पेसाखालचं, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखालचं गाव. पेसात एखादा टोलाही निम्म्याहून जास्त मतदारांच्या ठरावाने स्वतंत्र गाव होऊ शकतो. मेंढ्याची ग्रामपंचायत कित्येक वर्षं लेखा होती, ग्रामसभा मात्र मेंढ्याची स्वतःची. जनगणनेच्या यादीत फक्त महसुली गाव दिसतं.

पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे, प्रगणक फेब्रुवारीत दारोदार फिरतील. त्या दिवसांत इथली माणसं मिरची तोडायला तेलंगणात असतात, कुटुंबंच्या कुटुंबं, पोराबाळांसह. मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो घरी नसतो तो त्या गावात मोजला जात नाही. तो वरंगल, खम्ममकडच्या शेतावरच्या झोपडीत मोजला गेला तर गेला. गावात कुलूप लावलेलं घर तेवढं मोजलं जाईल.