माळावरचा तरवड

सोलापूरजवळच्या नान्नजच्या वाटेवर आज जेसीबीने प्लॉट साफ करताना तरवडाची फुललेली झुडपे मुळासकट उपटली जात होती. शेजारी मेंढ्या वळणारे एक बाबा म्हणाले, "ताई, शेरडं बी याला तोंड लावत न्हाईत, म्हणून दुष्काळात हिरवा ऱ्हातुया. मशिनीला काय सांगायचं?" हे वाक्य दिवसभर मनातून जात नाही.

उपटलेल्या एका फांदीवर अजूनही भुंगा बसलेला होता. तरवडाच्या फुलात मकरंद नसतो. परागकण नळीसारख्या परागकोशांत बंद असतात आणि भुंगा फुलाला घट्ट धरून अंग थरथरवतो, तेव्हा ते टोकाच्या छिद्रांतून बाहेर उडतात. त्या पडलेल्या फांदीवरही त्याचे हे काम चालूच होते.

याच झुडपाच्या सालीतील टॅनिनने पिढ्यान्‌पिढ्या कातडी कमावली गेली, काड्यांनी दात घासले गेले आणि नवरात्रात घटाला याच पिवळ्या फुलांची माळ चढते. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगू भाषक पद्मशाली (विणकर समाजाच्या) भगिनी बतुकम्मा सणात फुलांची रास रचतात, त्यातही तरवड हवाच. तेलंगणाचे तर ते राज्यपुष्प आहे. सणाला ही फुले बाजारात विकत मिळतात, पण त्यांची शेती सहसा कोणी करत नाही, ती बहुतेक माळरानावरूनच येतात.

रस्त्याच्या दुभाजकांत आपण टँकरने पाणी घालून परदेशी झुडपे जगवतो. तिथे तरवड कोणी लावल्याचे आपल्या पाहण्यात आहे का?