ताशी दर काढताना भागाकार कुठे चुकतो

नोकरी सोडून स्वतंत्र काम सुरू करणारे इंजिनिअर बहुतेक वेळा जुना वार्षिक पगार २०८० तासांनी भागतात (५२ आठवडे, आठवड्याला ४० तास) आणि येईल तो ताशी दर सांगून मोकळे होतात. पण हे सगळे तास विकले जात नाहीत.

कामाच्या २६० दिवसांतून सुट्ट्या, आजारपण आणि नवीन शिकण्याचे मिळून ३५ दिवस वजा करा. उरतात २२५ दिवस, म्हणजे १८०० तास. त्यातले ४० टक्के कोटेशन, फोन, हिशेब आणि वसुलीत जातात असे धरा. बिलात येतात फक्त १०८०. आता घरी न्यायचे उत्पन्न जुन्या पगाराइतकेच, म्हणजे १०० धरा. सॉफ्टवेअरचे परवाने, व्यावसायिक विमा, उपकरणांचे कॅलिब्रेशन, घसारा यांचे ३० त्यात मिळवा. १३० भागिले १०८०. हा दर पगारावरून काढलेल्या दराच्या अडीचपट निघतो. सांगताना जीभ अडखळते, तरी तोच सांगा.

कारण २० टक्के सवलत दिली की १३० चे १०४ होतात, खर्च ३० तसाच राहतो आणि हातात उरतात ७४. ग्राहकाचे २० टक्के वाचले, तुमचे उत्पन्न २६ टक्क्यांनी घटले. घासाघीस झालीच तर दराला हात लावू नका, काम कमी करा: गणिते द्या, तपशीलवार ड्रॉइंग वगळा.

किमान फीचा प्रश्न येतो तो ‘तासाभराचंच काम आहे’ या वाक्यापाशी. साइटवर ६० मिनिटे खरी, पण आधीचा फोन २०, ड्रॉइंग वाचणे ३०, जाणे-येणे ९०, टिपण ४५, बिल १५. एकूण चार तास वीस मिनिटे. म्हणून साइट व्हिजिटची किमान फी साडेचार तासांची ठेवावी. टेबलावरच्या कामाला दोन तास पुरतात. सही असलेल्या पत्राला मात्र तासांचे माप लावूच नका. पत्र दहा मिनिटांत लिहून होते, त्याची जबाबदारी वर्षानुवर्षे मानेवर राहते. त्याची किमान फी वेगळी आणि जास्तच हवी.

फी पहिल्याच फोनवर सांगा आणि त्याच दिवशी लेखी पाठवा. भेट झाल्यावर सांगितलेली फी वादात अडकते. त्यात काय येते तेही लिहा: एक भेट, दोन पानी टिपण, शंकांसाठी एक फोन. त्यापुढचा वेळ पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यांनी मोजा. ग्राहक नवीन असेल तर किमान फी पूर्ण जमा झाल्यावरच भेटीची तारीख द्या.