माळ्यावरची खिडकी आणि मुलाचे उपचार

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या सोळा वर्षांच्या मुलाने कॉलेजला जाणे हळूहळू बंद केले. सकाळी पोट दुखते म्हणून एस.टी. चुकवायची, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागे राहायचे आणि जीव की प्राण असलेल्या व्हॉलीबॉलचे नावही काढायचे नाही, असे दोन महिने चालले. पित्तावरची औषधे झाली, घरातील थोरल्यांनी देवऋषीकडे नेण्याचा आग्रहही धरला. मी स्वतः माध्यमिक शाळेत शिक्षिका असूनही हे नैराश्य असू शकेल, हे लक्षात यायला मला इतका वेळ लागला, याचे आजही वाईट वाटते.

पाटण तालुक्यातील आमच्या गावाहून रजा काढून, पहाटेच्या गाडीने आम्ही एका मोठ्या रुग्णालयाच्या मनोविकार विभागात गेलो. रांगेत गावाकडचे ओळखीचे गृहस्थ भेटले, 'इकडे कुठे?' म्हणाले, आणि आत गेल्यावर मुलाने एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. पाच-सात मिनिटांत पुढच्या महिन्याची तारीख घेऊन आम्ही बाहेर पडलो. परतीच्या गाडीत तो एवढेच म्हणाला, "आई, मी परत येणार नाही."

त्या रात्री मी १४४१६ हा क्रमांक लावला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेली ही 'टेली मानस' मानसिक आरोग्य फोनसेवा मोफत आहे आणि चोवीस तास चालते, हे शाळेत आलेल्या परिपत्रकामुळे मला ठाऊक होते. मराठीत बोलणाऱ्या समुपदेशक ताईंनी आधी माझे सगळे ऐकून घेतले आणि मग थेट विचारले, "जगणे नकोसे वाटते, असे तो कधी बोलला आहे का? तुम्ही त्याला विचारले आहे का?" असे विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट त्याला बोलायला वाट मिळते, हे त्यांनी मला समजावले. मी दुसऱ्या दिवशी विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग 'कधी कधी वाटते' म्हणाला. त्याच संध्याकाळी घरातली कीटकनाशकाची बाटली मी दूर नेऊन ठेवली आणि पुण्यातील एका मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर बाईंची व्हिडिओवरील वेळ मिळवली.

रेंज आमच्या घरात फक्त माळ्यावर, पूर्वेच्या खिडकीशी येते. पहिल्या भेटीत मला सोबत बसावे लागले, कारण २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांप्रमाणे अल्पवयीन रुग्णासोबत सज्ञान व्यक्ती असावी लागते आणि तिची ओळखही पटवावी लागते. माझे ओळखपत्र पाहून झाले, संमती नोंदवून झाली, आणि डॉक्टर म्हणाल्या, "आता तुम्ही खाली जा, पण हाकेच्या अंतरावर राहा." आमच्या घराला आतून कडी लागणारी खोली नाही, माजघरात सासूबाई असतात आणि माळ्यावरचा शब्दन् शब्द खाली ऐकू येतो. म्हणून मी सासूबाईंना घेऊन अंगणात गेले आणि आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो. पाऊण तास झाला. वरून त्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, पण तो बोलत होता. रुग्णालयात मिटलेला मुलगा आपल्याच घरात, गोधडी पायावर घेऊन, कानात इयरफोन घालून बोलत होता, आणि दूरस्थ उपचारांचे खरे मोल मला त्या पाऊण तासात उमगले.

अडचणी औषधांपाशी सुरू झाल्या. तालुक्याच्या एका दुकानदाराने मोबाइलवरची चिठ्ठी नाकारली. छापील प्रत काढायला ई-सेवा केंद्रात जावे, तर तिथला मुलगा आमच्याच गावचा, त्याने ती वाचली असती. शेवटी शाळेच्या प्रिंटरवर प्रत काढली आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक व सही दाखवून कऱ्हाडला औषध घेतले. गुण यायला काही आठवडे लागतील, मात्र सुरुवातीच्या काळात या वयाच्या मुलांवर विशेष लक्ष ठेवावे लागते, अस्वस्थता वाढली तर लगेच कळवा, असे डॉक्टरांनी दोनदा बजावले होते. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडच्या तपासण्या जवळच्याच ग्रामीण रुग्णालयात झाल्या, कारण कॅमेऱ्यातून रक्त तपासता येत नाही.

तिसऱ्या भेटीत माझे पती नवी मुंबईहून त्याच कॉलवर आले. बाजार समितीतल्या नोकरीमुळे त्यांना रजा मिळत नाही, प्रत्यक्ष भेटीला ते कधीच येऊ शकले नसते. मुलाने त्यांना सांगितले की विज्ञान शाखा त्याला झेपत नाही आणि हे सांगायची त्याला भीती वाटत होती. मुसळधार पावसात दोन भेटी अर्ध्यावर तुटल्या, तेव्हा डॉक्टरांनी साध्या फोनवर बोलणे पूर्ण केले.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. माझ्या चाळीस जणांच्या वर्गाला हे प्रमाण लावले, तर तिघे होतात. हजेरी घेताना आता मी त्या तिघांना शोधत असते, आणि त्यांच्या घरी रेंज कुठे येत असेल, याचा विचार करते.

मुलगा आता कला शाखेत आहे, झोप सुधारली आहे, औषध चालू आहे. पुढच्या महिन्यात पुण्याला प्रत्यक्ष तपासणी आहे. एकटा जातो म्हणत होता. अठरा पूर्ण व्हायला अजून अवकाश आहे, त्यामुळे मीही जाणार आहे, पण डॉक्टरांच्या दारापर्यंतच.