ताम्हिणीमार्गे गुहागर : अल्टरनेटर बदलण्याआधी अर्थिंग बघा

डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला म्हणजे अल्टरनेटर (इंजिन चालू असताना वीज बनवून बॅटरी चार्ज करणारा भाग) गेला, असं कुणी व्होल्टेजचा मीटर न लावता सांगत असेल तर त्याला एक पैसाही देऊ नका. हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने आमच्याकडे नव्या अल्टरनेटरचे साडेअकरा हजार मागितले. दुखणं निघालं अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह इंजिनला जोडणाऱ्या, तीनशे रुपयांच्या पट्टीचं. डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून इथे गुहागर कमी आणि माणगाव जास्त.

मुळशी, ताम्हिणी धो धो पावसात निर्विघ्न पार पडलं. घाटात इंजिन रेसमध्ये असतं, तेव्हा काही जाणवलं नाही. माणगावच्या कोंडीत गाडी उभी राहिली आणि मिसिंग, म्हणजे इंजिनचं अडखळणं, सुरू झालं. स्टिअरिंग थरथरतंय, आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनचा वेग) खाली-वर, रेडिएटरचा पंखा लागला की हेडलाइट मंद. मग बॅटरीचा दिवा आणि त्यापाठोपाठ चेक इंजिनचा. एसी बंद केला की जरा बरं.

पहिल्या गॅरेजवाल्याने गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. पी०५६२ आणि पी०३०० असे दोन कोड आले. पहिल्याचा अर्थ व्होल्टेज कमी, दुसऱ्याचा अर्थ कुठल्याही सिलिंडरमध्ये अधूनमधून मिसफायर, म्हणजे इंधन नीट न पेटणं. एवढ्यावर त्याने निकाल देऊन टाकला. कोड फक्त लक्षण सांगतो, कारण नाही.

महाडपर्यंत एसी, म्युझिक सगळं बंद ठेवून गेलो. तिथल्या वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन काकांनी आधी मीटर काढला. इंजिन चालू, हेडलाइट चालू. बॅटरीच्या दोन टर्मिनलवर 12.1 व्होल्ट. मग लाल पिन अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टवर आणि काळी त्याच्याच अंगावर, तिथे 14.3! म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत, करंट बॅटरीपर्यंत पोचतच नाही. शेवटी बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंत मोजलं, तर मधेच 2 व्होल्ट गायब. इथे 0.2 च्या आत यायला हवं. त्यांनी जंपर केबल निगेटिव्हवरून थेट इंजिनच्या बोल्टला टेकवली आणि आयडलिंग त्याच क्षणी स्थिर झालं, बॅटरीचा दिवा विझला. जुनी अर्थिंगची विणलेली पट्टी बोल्टापाशी हिरवी पडून कुजली होती, ओढताच हातात आली. गाडी आधी देवगडला होती, खारी हवा तांब्याला सोडत नाही.

मागून जाणाऱ्यांनी साधा डिजिटल मीटर आणि जंपर केबल डिकीत ठेवाच, दोन्ही मिळून गॅरेजच्या एका फेरीपेक्षा स्वस्त पडतं. चालू इंजिनवर बॅटरीला 13.8 ते 14.5 च्या दरम्यान आकडा दिसावा. अल्टरनेटरच्या बोल्टवर पिन धरताना मात्र ती घसरून बॉडीला लागू देऊ नका, तो बोल्ट गाडी बंद असतानाही जिवंत असतो. शंका असेल तर हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल तर गाडी हळू चालवत गाव गाठता येतं. तो लुकलुकायला लागला तर बाजूला घ्या, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा भाग) जाऊन तो तापतो, आणि त्याची किंमत अल्टरनेटरपेक्षा कितीतरी जास्त.

गुहागरचा समुद्रकिनारा, जेवण, सगळं उत्तम. परतताना कुंभार्ली घाट चढून कराडला आलो. धुकं, वायपर, फॉग लॅम्प, एसी सगळं एकदम चालू होतं आणि मीटरवर 14.2. त्या रस्त्याला खड्डे आहेत, पण माणगावच्या कोंडीपेक्षा तो शंभरदा परवडला.